दगडावर कोरायची ढाल

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या व्हिसाचा अर्थ एवढाच होता की या बाईला इथे काम करता येणार नाही. नवऱ्याचा व्हिसा कामाचा, माझा त्याच्या शेपटीला बांधलेला. पुण्यात मी चार वर्षं नोकरी केली होती, सहा जणांची टीम सांभाळली होती. इथे येऊन डिशवॉशरमध्ये भांडी कशी लावायची यावरून नवऱ्याशी भांडण उकरून काढायला लागले. दुसरं हाताशी काही नव्हतंच. गाडी एकच, ती सकाळी साडेसातला निघून जायची. मग दिवसभर मी, फ्रिजची घरघर आणि खिडकीखालची पार्किंगची जागा. लोक याला होमसिकनेस म्हणतात. मला घराची आठवण येत नव्हती. कोणीतरी आपल्याकडे काहीतरी मागावं, एवढंच वाटत होतं.

पायी पंचवीस मिनिटांवर लायब्ररी होती. तिच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी वंशावळी शोधणाऱ्या म्हाताऱ्यांचा कट्टा जमायचा. कोणाचा पणजोबा कोणत्या बोटीने आला, कोणत्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, हे शोधण्यात ती मंडळी इतकी रंगायची की शेजारी बसलेल्या जिवंत माणसाकडे लक्ष नसायचं. खोलीची व्यवस्था एक निवृत्त शिक्षिका बघायच्या. मी तिथे तीन-चारदा नुसतीच येऊन बसलेली त्यांनी पाहिली आणि विचारलं, "तुला काय येतं?" या देशात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "जर्मन." पुण्यात दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकले होते. कंपनी जर्मनीला पाठवणार होती. पाठवलं दुसऱ्यालाच. ते जर्मन असं मिनेसोटात कामाला आलं.

काम असं होतं. युरोपातल्या काही लायब्रऱ्यांनी आपल्याकडच्या जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली होती. त्यात ढालींच्या वह्या होत्या. सरदार-जहागीरदारांच्या घराण्यांच्या खुणा, रंगवलेल्या, खाली नावं. जर्मनी, सायलेशिया, पोझेन, प्रशिया, त्या पलीकडचा पोलंड. आमच्या खोलीतल्या निम्म्या मंडळींचे पूर्वज त्याच मुलखातून आलेले, आणि प्रत्येकाला आपली ढाल हवी होती. मी ती पानं उघडायची, पानाचा नंबर लिहायचा, नाव वाचायचं, ढालीवर काय आहे ते इंग्रजीत टाइप करायचं. जर्मन पानं सरळ उघडायची. पोलंडच्या पानांना वेगळं प्लग-इन लागायचं आणि ते त्या कॉम्प्युटरला मानवायचं नाही. घोडं तिथे पेंड खायचं. पान वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं. आधी शिरस्त्राणावरची पिसं, मग शिरस्त्राण, मग ढाल, मग नाव. नाव येईपर्यंत मी चहा पिऊन यायची.

मला ती पानं आवडायला लागली. कोणीतरी चारेकशे वर्षांपूर्वी बसून शेकडो सिंह काढलेले. सुरुवातीचे सिंह डौलदार, वहीच्या शेवटी शेवटी कंटाळलेले, कुत्र्यासारखे. एका पानावर लाल रंग सांडलेला आणि तो बोटाने पुसल्याचा ठसा तसाच राहिलेला. मी त्या बोटावर माझं बोट ठेवून बघितलं होतं. स्क्रीनवर. माणसाची किती उपासमार झाली होती, यावरून कळावं.

जर्मन पानांवर एका घराण्याची एक ढाल असायची. पोलंडकडच्या पानांवर एका ढालीखाली तीस-चाळीस आडनावं, आणि ढालीला तिचं स्वतःचं वेगळं नाव. हे काही खोलीतल्या कोणाच्या डोक्यात शिरेना. माझ्या डोक्यात मात्र मिनिटात शिरलं. आपल्याकडे देवक असतं ना, पाच वेगळ्या आडनावांची माणसं लग्नात एकाच झाडाच्या डहाळीला हात जोडतात, तसंच काहीसं. मी हे शिक्षिकाबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तू आमच्यापेक्षा जास्त पोलिश आहेस." त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच गेले.

त्या खोलीत एक आजोबा यायचे. मी मनातल्या मनात आजोबा म्हणायची, तोंडाने मिस्टर लावून त्यांचं आडनाव. ऐंशीच्या घरातले, मिनियापोलिसच्या पिठाच्या गिरणीत आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेले. हात फावड्याएवढे. कानात यंत्र, तरी कमीच ऐकू यायचं. फेब्रुवारीत त्यांची बायको गेली होती. त्यांच्या गावच्या दफनभूमीत हिवाळ्यात कुदळ चालत नाही, म्हणून एप्रिलपर्यंत तिला माती मिळाली नव्हती. ते दोन महिने आपण कसे काढले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी बोलले नाहीत. ती करायची तो खसखशीचा रोल ते तिच्या अक्षरातली कृती बघून करायचे आणि डब्यातून माझ्यासाठी आणायचे. विटेसारखा कडक. मी दर मंगळवारी तो खाल्ला. त्यांच्याशिवाय मला कोणी डबा आणत नव्हतं.

त्यांना तिच्या थडग्याच्या दगडावर ढाल कोरायची होती. "का?" म्हणून मी विचारलं. म्हणाले, "गिरणीत चाळीस वर्षं मी पोलिश माणसांवरचे विनोद ऐकले. बल्ब बदलायला किती पोलिश लागतात, वगैरे. माझ्यासमोर सांगायचे, मी हसायचो. गिरणीच्या जेवणांना ती बरोबर असायची, ती नाही हसायची. ती घरी येऊन रडायची. माझे वडील सांगायचे, आपण तिकडे कोणीतरी होतो. तिच्या डोक्यावर असं काहीतरी असावं की कोणाला विनोद सुचू नये." इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण त्यांचं बोलणं मला नेहमी 'तू' असंच ऐकू यायचं. ते म्हणाले, "तू शोधून दे."

जुलैमध्ये सापडलं. पोलंडकडची एक वही, निळी ढाल, तिच्यावर चंदेरी नाल आणि नालेतून वर निघालेला बाण. खाली सत्तावीस आडनावं आणि अठरावं त्यांचं. अक्षरन् अक्षर तेच. शेजारी बारीक अक्षरात गावाचं नाव, तेही तेच; त्यांचे आजोबा त्याच गावातून निघाले होते. मी ओरडले, "सापडलं!" लायब्ररीत ओरडले. आजोबा उठले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि स्क्रीनसमोर उभे राहिले, चर्चमध्ये उभे राहतात तसे. मग खुर्चीत बसून रडले. मी त्यांना प्रिंट काढून दिली, रंगीत. शिक्षिकाबाई एवढंच म्हणाल्या, "ढाल सापडली. आता माणूस सापडायला हवा." त्यांचा हा नियमच होता. त्यांनी त्या गावच्या चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची मायक्रोफिल्म मागवली. ती यायला सहा आठवडे लागणार होते. आजोबांना कुठला धीर, ते दुसऱ्या दिवशीच प्रिंट घेऊन दगड कोरणाऱ्याकडे गेले.

आता मी जे सांगणार आहे ते मला त्याच क्षणी, ओरडतानाच माहीत होतं. आजोबांचं आडनाव गावावरून पडलेलं. आमचंही तसंच, गावाचं नाव आणि पुढे 'कर'. आमच्या गावचे इनामदार त्याच आडनावाचे. ते ब्राह्मण. गावातले एक कुणबी घरही तेच आडनाव लावतं. आणि गावकुसाबाहेर आम्ही. माझे सासरे ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले, नवरा नागपूरला इंजिनियर झाला, आडनाव तेच राहिलं. आडनाव सारखं म्हणजे घर सारखं नव्हे, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि आमच्यातल्या पोराला तर ते बोलायला लागण्याआधी कळतं. गावाचं नाव जहागीरदारही लावतो आणि त्याच्या शेतात राबणाराही लावतो. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मीच "सापडलं" म्हणून ओरडले. कारण सांगायचं तर, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उजळलेला मला बघायचा होता. आणि त्या देशात माझ्यामुळे कोणाचा तरी चेहरा उजळू शकतो, हेही बघायचं होतं.

शिवाय अशा चुकीची मला सवय झाली होती. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, दोन बिल्डिंग सोडून, एक काकू राहायच्या. पुण्याच्या, वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे. आदल्या वर्षी गणपतीच्या पॉटलकला त्यांनी आमचं आडनाव ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अय्या, म्हणजे इनामदारांपैकी का गं तुम्ही? माझ्या नणंदेची जाऊ त्यांच्यातलीच!" हातात पेपर प्लेट, प्लेटमध्ये मसालेभात, आजूबाजूला चाळीस मराठी माणसं, आणि आठ महिन्यांत नवरा सोडून मी कोणाशी मराठीत बोललेले नव्हते. मी म्हटलं, "हो, लांबचे."

एका शब्दात काम झालं. काकू मला इंडियन ग्रोसरीला गाडीतून न्यायला लागल्या. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं. आमच्या घरात हे काही नसतं, तरी मी गेले, कपाळ पुढे केलं, तिळगूळ आणि वाण म्हणून एक प्लास्टिकचा डबा घेऊन आले. नवऱ्याने तो डबा बघितला आणि म्हणाला, "जाऊ दे यार. तुला कंपनी मिळतेय ना? इथे कोणाला कळतंय." पण चौदा एप्रिलला आम्ही दोघांनी हॉलमध्ये मेणबत्त्या लावून वंदना म्हटली तेव्हा त्याने आधी उठून खिडकीचे ब्लाइंड्स बंद केले.   झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत बोटं किती दुखतात ते मात्र कोणी सांगत नाही.

मायक्रोफिल्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली, गुरुवारी. आजोबा त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. मी एकटीच मशीनला डोळे लावून बसले. नोंदी लॅटिनमध्ये होत्या. मशीनशेजारी शिक्षिकाबाईंनी एक पिवळा कागद चिकटवून ठेवला होता, नेहमी लागणाऱ्या लॅटिन शब्दांचा. कारण तिकडचा पाद्री नुसतं नाव लिहीत नसे. प्रत्येक नावाआधी तो एक शब्द लिहायचा आणि त्या शब्दावरून माणूस कोणत्या पायरीवरचा ते कळायचं. सरदाराला 'जेनेरोसस'. शहरातल्या कारागिराला वेगळा शब्द. शेतावर राबणाऱ्याला 'लाबोरिओसस', म्हणजे कष्टकरी. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, लग्नाच्या नोंदीत, मेल्यावरसुद्धा. सात समुद्रापलीकडे जाऊन मी हे वाचत होते आणि मला हसू येत होतं. आपल्याकडे निदान तोंडावर विचारतात, कोण तुम्ही. तिथे पाद्री आधीच लिहून मोकळा.

आजोबांचे पणजोबा पाचव्या फ्रेमवर सापडले. तारीख जुळली, बायकोचं नाव जुळलं. नावाआधी 'लाबोरिओसस'. त्यांच्या बापाआधी तेच. त्याच पानावर वर जहागीरदाराच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. आडनाव तेच, आणि आधी 'जेनेरोसस'. एका पानावर एकच आडनाव दोनदा, मध्ये चार ओळींचं अंतर. निळी ढाल वरच्या माणसाची होती.

 आजोबांनी सांगितलं होतं की दगड कोरणाऱ्याचं चित्र तयार आहे, पुढच्या शुक्रवारी त्यावर सही करायची, जमीन गोठण्याआधी दगड बसवायचा. म्हणजे मधे एकच मंगळवार. सांगितलं तर तिच्या डोक्यावरची ढाल जाणार आणि माझा मंगळवारही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. नाही सांगितलं तर ते दुसऱ्याची ढाल डोक्याशी घेऊन कायमचे झोपणार. आपल्या घरच्यांना ज्याने राबवून घेतलं, त्याची. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एटी इयर्स ओल्ड माणूस आहे. लेट हिम बी हॅपी. कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "मला."  त्याने उठून टीव्ही लावला.

मंगळवारी आजोबा चित्र घेऊनच आले. रोलचा डबा एका हातात, गुंडाळी दुसऱ्या हातात. मी त्यांना मशीनसमोर बसवलं आणि पाचवी फ्रेम दाखवली.  हळू आवाजात सांगितलं, हा शब्द आणि तो शब्द. त्यांनी पिवळ्या कागदावर बोट ठेवून दोन्ही शब्द स्वतः शोधले. बराच वेळ लागला. मग म्हणाले, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "शब्द गुरुवारी वाचला. पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून. माझ्या गावात हे लहान मुलांनाही माहीत असतं."

"मग तू 'सापडलं' का म्हणालीस?"

"तुम्हाला आनंद झाला म्हणून," मी म्हटलं. "आणि मला इथे दुसरं कोणी नाही म्हणून."

त्यांचा चेहरा लाल झाला. हळू आवाजात म्हणाले, कमी ऐकू येणारी माणसं एरवी मोठ्याने बोलतात, पण तेव्हा हळू, "मी आणखी किती जगणार होतो? गप्प बसायचं होतंस." डबा टेबलावर तसाच ठेवून ते निघून गेले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

सप्टेंबर गेला. मी मंगळवारी जायची, गुरुवारी जायची. ढाली टाइप करायची. लाल ढाल, पांढरा बोकड. काळी ढाल, तीन मासे. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तू बरोबर केलंस." बरोबर केल्याने जेवण जात नाही, हे मला तेव्हा कळलं. डबा धुऊन मी घरी ठेवला होता, परत कसा द्यायचा कळत नव्हतं. एकदा फोन लावला, आन्सरिंग मशीनवर त्यांच्या बायकोचा जुना आवाज आला, की आत्ता आम्ही घरी नाही. मी निरोप न ठेवता फोन ठेवून दिला.

ऑक्टोबरच्या शेवटी नवऱ्याला म्हटलं, मला त्या दफनभूमीत घेऊन चल. तो कुरकुरला, पण आला. तासाभराचा रस्ता. वारा असा की डोळ्यांतून पाणी. दगड नवाच बसवलेला, त्याच्याभोवतीची माती अजून मोकळी. तिचं नाव, तिच्या तारखा, शेजारी आजोबांचं नाव आणि पुढची जागा मोकळी. वरच्या बाजूला एक चौकोन घासून गुळगुळीत केलेला होता, त्यात काहीच नव्हतं. ढालीची जागा. त्यांनी ती कोरून घेतली नव्हती, आणि दुसरंही काही घेतलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं नाही की काय झालं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "म्हातारा खरा निघाला यार." मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "आपल्यापेक्षा."

नोव्हेंबरात काकूंबरोबर ग्रोसरीला जात होते. काकू गाडी चालवता चालवता मंडळात नव्याने आलेल्या कोणा जोडप्याबद्दल सांगत होत्या. "कोट्यातले आहेत गं. बोलण्यावरून कळतंच. आता हेही इथे यायला लागले."

मी म्हटलं, "काकू, आम्हीही तेच आहोत. इनामदारांशी आमचं काही नातं नाही. मी तेव्हा खोटं बोलले."

गाडी सिग्नलला उभी होती. सिग्नल हिरवा झाला तरी काकू क्षणभर तशाच. मागच्याने हॉर्न वाजवला. मग त्या भरभर बोलायला लागल्या, "अगं, तसं नव्हतं गं म्हणायचं मला! आम्ही कुठे मानतो असलं काही! माझ्या भावाचा बेस्ट फ्रेंड…" दुकानात त्यांनी मला कोथिंबिरीची ताजी जुडी निवडून दिली, घरापर्यंत सोडलं, हात हलवला. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. जानेवारीत हळदीकुंकवाचा फोन आला नाही. खिडकीतून त्यांच्या बिल्डिंगकडे जाणाऱ्या, कोटाखालून साड्यांचे काठ दिसणाऱ्या बायका मी बघत होते. ब्लाइंड्स उघडेच ठेवले होते. वाईट वाटलं. खूप वाटलं. जिथे मला हळदीकुंकू नकोच होतं, तिथून बोलावणं आलं नाही म्हणून मी रडत होते, याचा रागही आला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आजोबा आले. बाहेर उणे वीस, त्यांच्या भुवयांवर बर्फ. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता म्हणाले, "तू म्हणाली होतीस, तुझ्या गावात लहान मुलांनाही माहीत असतं. तुझं गाव कसलं आहे? तू त्यातली कोण? वाड्यावरची की शेतातली?"

या देशात मी हे इंग्रजीत कधी म्हटलं नव्हतं. शब्द शोधत शोधत म्हटलं, "शेताच्याही पलीकडची. शेतात राबायला आम्हाला बोलवायचे. विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत."

"इथल्या तुझ्या लोकांना माहीत आहे?"

"एका बाईंना. नोव्हेंबरपासून."

"मग?"

"त्यांचा फोन येत नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "माझ्या मुलीने ती ढाल ख्रिसमसच्या कार्डांवर छापायला दिली होती. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, डॅड, कोणाला कळणार होतं? तिचाही फोन येत नाही फारसा."  मग त्यांनी खिशातून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. मायक्रोफिल्म. बायकोच्या माहेरच्या गावची. त्यांनी ती स्वतः मागवून घेतली होती.

"तिच्या लोकांचं बघायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "शब्द कुठलाही असू दे, तू मोठ्याने वाच. एक तर मला कमी ऐकू येतं. आणि मागच्या वेळी तू फार हळू बोलली होतीस."

मी रीळ चढवलं. त्यांना वर्ष माहीत होतं, दीड तासात नोंद सापडली. लग्नाची. त्यांच्या बायकोच्या पणजीची. नावाआधी एक शब्द, पिवळ्या कागदावर तळाला होता: फामुला. जहागीरदाराच्या घरातली मोलकरीण.

मी वाचलं. ते म्हणाले, "ऐकू नाही आलं."

मी आणखी मोठ्याने वाचलं. खोलीतली सगळी म्हातारी मंडळी माना वर करून बघायला लागली. मी थांबले नाही. तिचं नाव वाचलं, तिच्या आईचं नाव, बापाचं नाव, आणि बापाआधीचा शब्द: कष्टकरी. नवऱ्याआधी तोच. साक्षीदारांआधी तोच. सगळं पान तसंच होतं, वरपासून खालपर्यंत, आणि मी ते सगळं वाचलं.

"बरोबर," आजोबा म्हणाले, आणि आपला फावड्याएवढा हात त्यांनी स्क्रीनवर त्या ओळींवर ठेवला. "हेच आमचे लोक."

माझे डोळे भरून आले, पुढचं पान दिसेना. ते थांबले. घाई आमच्यापैकी कोणालाच नव्हती.